सुरतला आलेला पाहुणा

डिसेंबरमध्ये परीक्षा संपली की मी मुंबई सेंट्रलला फ्लाइंग राणी पकडते आणि रात्री उशिरा सुरतला उतरते. मंडळातल्या मैत्रिणी दरवर्षी चिडवतात, की सुरतेला कसली आलीय थंडी. खरंच आहे ते. नाशिककरांनी हसावं इतपतच असते ती. पण पहाटे पारा 14-15 अंशांवर आला की आमच्या उधन्याच्या गल्लीत लगेच कानटोप्या निघतात. रात्रपाळी संपवून लूमवरून परतणारी पोरं चहाच्या टपरीपाशी पुठ्ठे पेटवून हात शेकतात. पोंकवाल्यांचे मांडव लागतात. ज्वारीची कोवळी कणसं निखाऱ्यावर भाजून झोडपायची आणि ते हिरवे, गरम दाणे लिंबू-मिरीच्या शेवेबरोबर खायचे, ही सुरतेची थंडी. आमच्या घरी त्यात खानदेशची भर पडते. आजी नवापूरकडची. ती भुसावळ पॅसेंजरनं येताना तांदूळ, लाल मिरची आणि भरताची वांगी घेऊन येते. मग संध्याकाळी अंगणात चूल पेटते आणि वांगी भाजली जातात.

या सगळ्याच्या बरोबरीनं नाताळ येतो. दारात चांदणी लागते, खोक्यांच्या पुठ्ठ्यांचा गोठा उभा राहतो, करंज्या, शंकरपाळे, चकल्या होतात आणि केकचं मिश्रण घेऊन आई बेकरीत रांगेला उभी राहते. रात्री आमचा कॅरलचा गट ढोलकी आणि टाळ घेऊन घरोघरी फिरतो. मराठी गाणं झालं की गुजराती, मग हिंदी. शेवटच्या घरापर्यंत सगळ्यांचे आवाज बसलेले असतात आणि पोटात सात-आठ घरचा चहा गेलेला असतो.

आमच्याकडे एक रीत आहे. ज्याला सणाला घरी जाता आलं नाही, त्याला नाताळच्या जेवणाला बोलवायचं. गेल्या वर्षी आम्ही शेजारच्या खोलीत राहणाऱ्या लूम कामगाराला बोलावलं. ओडिशातल्या गंजामचा, माझ्याहून थोडाच मोठा. पंधरा दिवसांपूर्वी त्याला कावीळ झाली होती, हे आम्हाला ठाऊक होतं. पण आता बरा दिसत होता. आम्ही त्याला आग्रह करकरून वाढलं. मटण, पुऱ्या, करंज्या. तो नको नको म्हणत खात राहिला, कारण इतक्या मायेनं त्याला वाढणारं त्या शहरात दुसरं कोणी नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्याला दवाखान्यात भरती करावं लागलं. तो वाचला, देवाची कृपा. पण आजी त्या दिवशी आमच्यावर जी भडकली ती मी विसरले नाही. पाहुण्याला आधी पोटाचं विचारावं, मग ताट मांडावं, एवढंसुद्धा आम्हाला कळू नये, याचा तिला राग आला होता.

जानेवारीत कॉलेज सुरू झालं. जुन्या सुरतेवर एक निबंध लिहायचा होता, म्हणून मी ग्रंथालयात बसले होते आणि तिथे मला थॉमस कोरिएट भेटला. तोही डिसेंबरमध्येच सुरतेला पाहुणा आला होता, 1617 साली. त्याचंही पोट बिघडलेलं होतं. त्यालाही आपल्या माणसांनी प्रेमानं पेला पुढे केला होता. तो मात्र वाचला नाही. तेव्हापासून हा माणूस माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून यंदाच्या नाताळ अंकासाठी त्याचीच गोष्ट लिहिते आहे.

कोरिएटचा जन्म 1577 च्या सुमाराचा. इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात ऑडकम नावाचं लहानसं गाव आहे. तिथल्या चर्चचे पाद्री जॉर्ज कोरिएट हे त्याचे वडील, आईचं नाव गर्ट्रूड. विंचेस्टरची शाळा झाली, मग ऑक्सफर्डला गेला, ग्रीक-लॅटिन भरपूर वाचलं, पण पदवी न घेताच बाहेर पडला. बोलायला पटाईत, दिसायला जरा गमतीशीर, स्वतःवरचे विनोद हसत झेलणारा. राजे पहिले जेम्स यांचा थोरला मुलगा हेन्री, त्याच्या दरबारात कोरिएटला जागा मिळाली. पण ती जागा कसली? नेमणुकीचा विदूषक नव्हे, पण काम तेच. मोठमोठे लोक याची थट्टा करणार, यानं शब्दाला शब्द देऊन त्यांना हसवायचं आणि त्या बदल्यात त्यांच्या पंगतीला बसायचं.

त्या काळच्या इंग्लंडमध्ये नाताळ बारा दिवस चालायचा, 25 डिसेंबरपासून 6 जानेवारीपर्यंत. घरं आयव्ही आणि हॉलीच्या हिरव्या पानांनी सजायची, चुलाणात मोठा ओंडका धुमसत राहायचा, मटण आणि सुकामेवा घातलेले पाय भाजले जायचे. राजवाड्यात सोंगं-नाटकं व्हायची. बाहेर बर्फ आणि आत दंगा, असा तो सण. कोरिएटसारख्या बोलघेवड्या माणसाचे हेच खरे सुगीचे दिवस असणार. मला वाटतं, आपण पंगतीत बसतो ते पाहुणा म्हणून की गंमत म्हणून, हा प्रश्नही त्याला अशाच पंगतींमध्ये टोचला असेल. कारण पुढचं सगळं आयुष्य त्यानं एकाच गोष्टीसाठी वेचलेलं दिसतं. लोकांनी आपल्याला हसण्यापलीकडे काहीतरी म्हणून ओळखावं.

14 मे 1608 रोजी तो डोव्हरहून निघाला आणि पाच महिन्यांत फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड, जर्मनी, हॉलंड करून परत आला. सुमारे 1,975 मैलांचा प्रवास, त्यातला मोठा भाग पायी. घरी आल्यावर ज्या बुटांनी साथ दिली ते त्यानं ऑडकमच्या चर्चमध्ये टांगून ठेवले. आपल्याकडे नवस फेडताना देवळात काहीतरी वाहतात, तसंच काहीसं ते. नाताळच्या आदल्या रात्री मोजे टांगणाऱ्या पोरांना काहीतरी मिळायची आशा असते. यानं मात्र मिळालेल्याची पावती म्हणून बूट टांगले. पुढे कितीतरी वर्षं ते तिथे होते.

1611 साली त्याचं प्रवासाचं पुस्तक निघालं, कोरिएट्स क्रुडिटीज. क्रुडिटीज म्हणजे कच्चं, न पचलेलं अन्न. पाच महिन्यांत आपण घाईघाईनं जे गिळलं ते हे, अशी स्वतःचीच थट्टा त्यानं मुखपृष्ठावर केली होती. पुस्तकाला प्रस्तावना म्हणून लंडनच्या पन्नासहून अधिक लोकांनी त्याची टर उडवणारी पद्यं लिहून दिली. बेन जॉन्सनसारखा मोठा नाटककार त्या सगळ्या खटाटोपात होता. यानं ती सगळी पद्यं छापली! वाचकांना वाटलं, हा खुळाच. पण आत मजकूर भक्कम होता. इटलीत लोक जेवताना मांस हातानं न धरता काट्यानं धरतात, हे त्यानं पाहिलं, त्यावर लिहिलं आणि घरी आल्यावर स्वतः काटा वापरायला लागला. मित्रांनी त्यावरूनही त्याला चिडवलं. उन्हासाठी डोक्यावर धरायच्या छत्रीचं वर्णनही त्याच्या पुस्तकात आहे. आज नाताळच्या जेवणात आपण काटे-चमचे मांडतो, तेव्हा मला हमखास त्याची आठवण येते.

आता आपल्या मंडळाला जवळची वाटेल अशी एक गोष्ट. लंडनच्या ब्रेड स्ट्रीटवर मर्मेड नावाची खानावळ होती. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी तिथे काही लेखक, वकील, रसिक जमायचे. खाणं-पिणं, वाचन, कोट्या, एकमेकांची खेचाखेची. थोडक्यात, आपल्या मंडळासारखंच मंडळ, फक्त चहा-समोशांच्या जागी वाईन. कोरिएट या मंडळींचा लाडका होता. पुढे अजमेरहून त्यानं जी पत्रं लिहिली, त्यातलं एक खास या मंडळाला लिहिलेलं आहे. हजारो मैलांवर बसून हा माणूस आठवत होता तो आपला महिन्याचा पहिला शुक्रवार.

1612 च्या शरद ऋतूत तो पुन्हा निघाला. या वेळी पूर्वेकडे. इस्तंबूल (तेव्हाचं कॉन्स्टँटिनोपल) इथे काही महिने राहिला, तुर्की शिकला. 1614 साली जेरुसलेमला पोहोचला. तिथल्या रिवाजाप्रमाणे त्यानं आपल्या दोन्ही मनगटांवर क्रूस गोंदवून घेतले. आमच्या नवापूरकडच्या म्हाताऱ्या बायांच्या हातावर गोंदण असतं, ते मरेपर्यंत जात नाही आणि मेल्यावरही बरोबर जातं म्हणतात. कोरिएटला आपल्या गोंदणाचा मोठा अभिमान होता. संत पौलानं ख्रिस्ताच्या खुणा अंगावर वागवण्याविषयी लिहिलं आहे, त्याचा दाखला देत तो लोकांना मनगटं दाखवायचा.

त्याच वर्षी तो अलेप्पोहून हिंदुस्थानच्या वाटेला लागला. आणि हा रस्ता त्यानं चालत काटला. दियारबकीर, तब्रीझ, काझवीन, इस्फहान, कंदाहार, लाहोर, आग्रा आणि शेवटी जुलै 1615 मध्ये अजमेर. या चालण्यात अख्खा हिवाळा गेला. इराणचं पठार म्हणजे सुरत नव्हे. तिथली थंडी हाडं फोडते. त्या थंडीशी सामना करायची त्याची रीत अगदी साधी होती, काफिल्याबरोबर राहायचं. व्यापाऱ्यांचे उंट, घोडे, गाढवं, त्यांच्यामागून चालणारी शेकडो माणसं, मुक्कामाला पेटलेल्या शेकोट्या. थंडीच्या वाटेवर एकटा माणूस टिकत नाही, दहा जणांच्या उबेनं टिकतो. खाणंही तसंच साधं. अलेप्पो ते अजमेर या प्रवासाला त्याला एकूण तीन पौंड लागले. कित्येक दिवस तो दिवसाला एका पेनीत भागवत होता. दियारबकीरला एका तुर्की घोडेस्वारानं त्याला लुटलं, तरी चालणं थांबलं नाही.

या वाटेवर त्याला एक मोठं सुख मिळालं. इराणच्या हद्दीजवळ सर रॉबर्ट शर्ली आणि त्यांची पत्नी समोरून येत होती. शर्लींनी आपल्या सामानातून नीट जपून ठेवलेलं कोरिएटचं लेखन काढून दाखवलं. विचार करा, ज्या माणसाच्या पुस्तकाला स्वतःच्या गावात हसले, त्याला इतक्या लांब, उंटांच्या धुळीत, आपलंच पुस्तक कोणीतरी सांभाळून नेताना दिसावं! लिहिणाऱ्याला याहून मोठं बक्षीस कोणतं?

अजमेरला तेव्हा बादशहा जहांगीरचा मुक्काम होता. सप्टेंबर 1615 मध्ये इंग्लंडचा वकील सर थॉमस रो सुरतेजवळ सुवाळीला उतरला आणि बऱ्हाणपूर, मांडू, चितोड करत अजमेरला निघाला. वाटेत तो इतका आजारी पडला, की कधी पालखीत तर कधी तंबूत, असा कसाबसा पोहोचला. 22 डिसेंबरला अजमेरच्या अलीकडे त्याला सामोरे गेलेल्या इंग्रजांमध्ये कोरिएट होता. दुसऱ्या दिवशी सगळे अजमेरात आले. दोन दिवसांनी नाताळ. मुख्य माणूस अंथरुणात, परका मुलूख, राजस्थानची कोरडी थंडी.

त्यात आणखी एक गंमत होती. इंग्रज तेव्हा जुनं ज्युलियन पंचांग पाळत आणि पोपनं 1582 साली सुधारलेलं पंचांग पोर्तुगीजांनी स्वीकारलेलं होतं. दोन्हींत दहा दिवसांचा फरक. त्यामुळे जहांगीरच्या दरबारात राहणाऱ्या जेझुइट पाद्र्यांचा नाताळ होऊन दहा दिवस गेले, की मग इंग्रजांचा नाताळ यायचा. त्या दिवशी पाद्र्यांच्या पंचांगात 4 जानेवारी उजाडलेली असायची. सुरत आणि दमणमध्येही हेच. एकाच किनाऱ्यावर, एकाच येशूचा वाढदिवस दोनदा. सण तारखेनं ठरत नाही, आपल्याबरोबर कोण बसलं आहे यावर ठरतो, हे त्या काळच्या लोकांना आपल्याहून चांगलं कळत असेल.

कोरिएट अजमेरला फारसी शिकला. थोडी हिंदुस्थानीही. एक दिवस तो बादशहाच्या झरोक्याखाली उभा राहिला आणि त्यानं फारसीत भाषण ठोकलं. आपण गरीब प्रवासी आहोत, जगातली मोठमोठी आश्चर्यं पाहायला लांबून आलो, असा त्याचा एकंदर सूर. जहांगीर खूश झाला आणि वरून शंभर रुपये खाली टाकले. सर थॉमस रोला हे मुळीच आवडलं नाही. इंग्रज माणसानं बादशहापुढे असा हात पसरावा, याची त्याला लाज वाटली आणि त्यानं कोरिएटला झापलं. कोरिएटनंही उलट असं उत्तर दिलं, की रोनं तो विषय सोडून दिला. मला इथे दोघांचंही पटतं. वकिलाला देशाची अब्रू सांभाळायची होती, पायी चालणाऱ्याला पुढच्या मुक्कामाची भाकरी.

त्याच्या हिंदुस्थानीची एक गोष्ट फार मजेदार आहे. रोच्या घरी कपडे धुणारी एक बाई होती. भांडखोर म्हणून प्रसिद्ध. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिचा पट्टा चालू. एके दिवशी कोरिएटनं तिच्याच भाषेत तिच्याशी तोंड लावलं आणि सकाळचे आठ वाजेपर्यंत तिला अशी गप्प केली, की तिला पुढे बोलायला एक शब्द सुचेना. परक्याची भाषा किती आली हे परीक्षेच्या गुणांवरून नाही, भांडणावरून ठरतं, हे आम्हा सुरतच्या मराठी पोरांना चांगलं माहीत आहे!

पण तो संत नव्हता, हेही सांगायला हवं. मुसलमानांच्या श्रद्धेबद्दल तो भर रस्त्यात असं काही बोलायचा, की आज ते वाचताना मान खाली जाते. दुसऱ्या एखाद्या राज्यात त्याचं डोकं उडालं असतं. इथल्या लोकांनी त्याला वेडा फकीर समजून सोडून दिलं. म्हणजे ज्यांना तो नावं ठेवत होता, त्यांच्याच सोशिकपणावर तो जगत होता. पाहुणा म्हणून आपण कुठे जातो, तेव्हा यजमानानं आपलं काय काय पोटात घातलं, हे आपल्याला कळतही नाही.

1616 च्या नाताळात लंडनच्या राजवाड्यात बेन जॉन्सननं लिहिलेलं एक सोंग झालं. त्यात नाताळ हाच एक म्हातारा बाबा बनून येतो आणि मागून त्याची पोरं येतात, कुणी कॅरल, कुणी नाताळचा पाय. राजासमोर हशा पिकला असेल. त्याच हिवाळ्यात, ज्याची थट्टा करून हीच मंडळी हसायची तो कोरिएट, उत्तर हिंदुस्थानात होता. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस त्यानं आग्र्याहून आईला पत्र लिहिलं. बादशहापुढे केलेलं आपलं फारसी भाषणही त्यानं त्यात कौतुकानं उतरवून पाठवलं. ते वाचताना मला आमच्या गल्लीतली पोरं आठवतात. गावी फोन करतात तेव्हा ती आपला खोकला सांगत नाहीत, पगार सांगतात.

1617 साली तो मांडूला रोच्या मुक्कामी आला. तिथे पाद्री एडवर्ड टेरी यांच्याबरोबर एकाच खोलीत, एकाच तंबूत तो राहू लागला. कोरिएटबद्दल आज आपल्याला जे माहीत आहे, त्यातलं बरंचसं या टेरींनी पुढे 1655 साली छापलेल्या पुस्तकामुळे. टेरी तरुण होते, शांत होते आणि याच्या बडबडीला कंटाळूनही याच्यावर जीव लावून होते.

त्या दिवसांत दोन गोष्टी कोरिएटला फार लागल्या. रिचर्ड स्टील नावाचा एक व्यापारी इंग्लंडहून परत आला होता. त्यानं तिकडे राजाला आपण वाटेत कोरिएटला भेटल्याचं सांगितलं होतं. त्यावर राजानं एवढंच विचारलं, की तो मूर्ख अजून जिवंत आहे का. हे ऐकून कोरिएटचा चेहरा उतरला. दुसरी गोष्ट अशी, की परतीच्या वाटेवर अलेप्पोत पैसे मिळावेत म्हणून रोनं त्याला चिठ्ठी दिली. त्यात त्याचा उल्लेख एक प्रामाणिक, बिचारा जीव असा होता. पैसे मिळणार होते, पण बिचारा हा शब्द त्याला खुपला. इतकी वर्षं, इतके मैल, इतक्या भाषा, आणि शेवटी बिचारा? रोनं तो शब्द बदलून दिला.

मग एके दिवशी रोच्या खोलीत खांबाला टेकून उभा असताना तो एकदम घेरी येऊन कोसळला. शुद्धीवर आल्यावर त्यानं टेरींना मनातली भीती सांगितली. सुरतेच्या वाटेवर आपण मरू, कुठेतरी पुरले जाऊ आणि आपलं काय झालं हे आपल्या एकाही मित्राला कधी कळणार नाही. इराणची थंडी, दरोडेखोर, उपास यांपैकी कशालाही न घाबरलेला माणूस या एका गोष्टीला घाबरत होता. रोनं त्याला थांबवायचा प्रयत्न केला. त्यानं आभार मानले आणि निघाला. पावसाळा सरून हिवाळा तोंडावर आला होता.

मांडू ते सुरत ही वाट तो एकट्यानं चालला. सुरतेला पोहोचला तेव्हा त्याचं पोट बिघडलेलं होतं, हगवण लागली होती. सुरतेचा हा हंगाम गजबजलेला. इंग्लंडची जहाजं पावसाळा संपताच सुवाळीला यायची आणि हिवाळ्यातच परतीला लागायची. त्यामुळे वखारीत ताजी पत्रं, ताज्या बातम्या आणि घरचा माल असायचा. वखारीतल्या इंग्रजांनी त्याचं प्रेमानं स्वागत केलं. बोलता बोलता कुणीतरी सांगितलं, की आपल्याकडे इंग्लंडहून आलेली सॅक आहे. सॅक म्हणजे स्पेनकडची कडक पांढरी वाईन, लंडनच्या खानावळींमधली नेहमीची. हे ऐकताच कोरिएट लहान मुलासारखा हरखला. खरंच आहे का, असं विचारून त्यानं ती मागून घेतली. पाच वर्षांनी घरची चव! मर्मेडमधला पहिला शुक्रवार, नाताळचा दंगा, हसणारे मित्र, सगळं त्या एका पेल्यात आलं असणार. तो पिणारा माणूस नव्हता. बेतानंच प्यायला. पण पोटात आधीच आग होती. हगवण वाढली आणि थोड्याच दिवसांत, डिसेंबर 1617 मध्ये, तो सुरतेला वारला. वय चाळीसच्या आसपास.

कुणाचा दोष? मी कितीदा विचार केला. यजमानांनी जे सगळ्यात मोलाचं होतं तेच दिलं. पाहुण्यानं आनंदानं घेतलं. कुणाच्याही मनात पाप नव्हतं. फक्त पोटाचं कुणी विचारलं नाही. हगवण लागलेल्या माणसाच्या अंगातलं पाणी आणि मीठ भराभर निघून जातं. त्याला हवी असते मीठ घातलेली पेज, पातळ ताक, आजच्या भाषेत ओआरएस. दारूनं उलट अंगातलं पाणी आणखी कमी होतं. सुरतेच्या कुठल्याही आजीनं त्या दिवशी पेला काढून घेऊन पेजेची वाटी हातात दिली असती. पण परदेशात राहणारे लोक आपल्याच माणसांची चव शोधतात, शेजारच्या आजीला विचारत नाहीत.

त्याचं हिंदुस्थानातलं टिपणांचं बाड असं पूर्ण पुस्तक होऊन कधी आलंच नाही. काही पत्रं छापली गेली, काही भाग दुसऱ्यांच्या संग्रहात शिरले. पण त्याला जी भीती होती ती मात्र खरी ठरली नाही. टेरींनी त्याची शेवटची गोष्ट जपून लिहिली. ज्याच्याबरोबर तंबू वाटून घेतला, त्यानंच त्याचं नाव राखलं. आणि सुरतेनंही थोडं राखलं. सुवाळीच्या बाजूला राजगरी गावात घुमटाची एक जुनी कबर आहे. टॉम कोरिएटची कबर म्हणून ती ओळखली जाते आणि सरकारी संरक्षित स्मारकांच्या यादीतही याच नावानं आहे. खाली नक्की कोण झोपलं आहे यावर विद्वान वाद घालोत. एका पाद्र्याच्या पायी हिंडणाऱ्या मुलाचं नाव इतक्या लांबच्या गावात चारशे वर्षं लोकांच्या तोंडी आहे, एवढं मला पुरे.

फेब्रुवारीत एका रविवारी मी वडिलांबरोबर स्कूटरवर तिकडे जाऊन आले. हजिऱ्याच्या कारखान्यांच्या चिमण्या, मोठमोठे ट्रक, मग एकदम खारं, मोकळं रान आणि समुद्रावरून येणारा थंड वारा. आईनं बांधून दिलेल्या डब्यातली एक करंजी मी तिथे ठेवणार होते. पण मग आजी आठवली, आणि मी फक्त पाण्याची बाटली उघडून थोडं पाणी ओतलं.

यंदा आमच्या गल्लीतला तो गंजामचा पोरगा पुन्हा जेवायला येणार आहे. मी घरी फोन करून सांगितलंय, की त्याला आधी विचारायचं. बरा असेल तर मटण, नसेल तर आजीच्या हातची पेज आणि भाजलेल्या वांग्याचं बिनतिखटाचं भरीत. कॅरल म्हणताना त्याला मध्ये उभं करायचं, म्हणजे वारा लागणार नाही. आणि त्याच्या गावचं एखादं गाणं त्याला म्हणायला लावायचं. नाव तर आपण सगळ्यांचं विचारतोच. गाव आणि पोट, ही दोन्हीही विचारायची, असं मी ठरवलं आहे.

मंडळाच्या सगळ्यांना नाताळच्या शुभेच्छा. वसतिगृहात जे मागे राहणार आहेत, त्यांच्या खोलीचं दार या आठवड्यात एकदा तरी वाजवा.